रणांतून परतलेला सैनिक आणि घोडा



लढाई संपली म्हणजे सैनिक घरीं येतो, त्याचा सत्कार होतो, पेन्शनीचे कागद तयार होतात, आणि आपण समजतों कीं त्याच्यापुरतें युद्ध आटोपलें. त्याच्या घरच्या माणसांना विचारलें तर तीं कांहीं निराळें सांगतील. हॉटेलांत गेला तर हा गृहस्थ भिंतीला पाठ लावून व दारावर नजर ठेवून बसतो. रस्त्यांत एखाद्या मोटारीचा टायर फुटला कीं क्षणांत जमिनीवर आडवा होतो. रात्रीं ओरडत उठतो. बायकोनें हलवून जागें केलें तर तिचाच हात पिरगाळतो, आणि मग शरमेनें पहाटेपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहतो. मुलें त्याच्या वाऱ्याला उभीं राहत नाहींत. ज्या सावधपणानें रणांगणावर त्याचा जीव वाचविला, तोच सावधपणा आतां त्याच्या घरांत ठाण मांडून बसलेला असतो. युद्धबंदीचा हुकूम सेनापतीनें केव्हांच दिला. त्याच्या शरीरापर्यंत तो पोंचलाच नाहीं.

ह्या व्यथेला निरनिराळ्या काळीं निरनिराळीं नांवें मिळालीं. अमेरिकेंतील यादवी युद्धांत भाग घेतलेल्या सैनिकांच्या धडधडणाऱ्या छातीवर डॉक्टर डा कॉस्टा ह्यांनीं १८७१ सालीं निबंध लिहिला, आणि पुष्कळ दिवस हा विकार हृदयाचाच म्हणून ओळखला जात होता. पहिल्या महायुद्धांत, १९१५ सालीं, चार्लस मायर्स ह्या डॉक्टरानें 'लॅन्सेट' पत्रांत 'शेल शॉक' हा शब्द छापला. तोफगोळ्याच्या स्फोटानें मज्जातंतूंना धक्का बसतो, अशी तेव्हांची कल्पना होती. पुढें व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनीं आपलें गाऱ्हाणें धसास लावलें, तेव्हां कोठें १९८० सालीं अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनें आपल्या अधिकृत यादींत 'पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसॉर्डर' ह्या नांवानें तिची नोंद केली. मराठींत आपण तिला आघातोत्तर मनोव्यथा म्हणूं. २०२२ सालीं अमेरिकेंत ६,४०७ माजी सैनिकांनीं आत्महत्या केली, असें तेथील सरकारी अहवालांत नमूद आहे. त्या सगळ्याच कांहीं ह्या व्यथेपायीं झाल्या नसतील. परंतु दिवसाला सतरा-अठरा हें प्रमाण कोणाचीही झोंप उडवील असेंच आहे.

ह्यावर उपचार नाहींत असें नाहीं. जाणत्या वैद्याच्या साहाय्यानें त्या भयंकर प्रसंगाची आठवण पुन्हां पुन्हां उघडून पाहावयाची आणि हळूहळू तिची धार बोथट करावयाची, ही पद्धति बऱ्याच जणांना चांगला गुण देते. अडचण एवढीच कीं, तीसाठीं खुर्चींत बसून बोलावें लागतें. तक्रार करावयाची नाहीं, डोळ्यांत पाणी आणावयाचें नाहीं, हें शिक्षण ज्यानें तारुण्यभर घेतलें, त्याच्या तोंडून तें बोलणें निघत नाहीं. कित्येक जण दाराशींच अडतात. कित्येक मध्येंच उठून जातात. अशा माणसांसाठीं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अमेरिका, इंग्लंड वगैरे देशांत जो एक मार्ग चोखाळला जात आहे, त्याविषयीं आज मला आपणांशीं बोलावयाचें आहे. त्या मार्गावर वैद्याच्या जोडीला एक घोडा असतो.

घोडाच कां, असें कोणीही विचारील. कुत्रा काय वाईट? कुत्रा खरोखरच मोठा प्रेमळ. सैनिकांच्या शुश्रूषेंत त्याचाही उपयोग होतो. पण तो पडला शिकारी कुळांतला, आणि धन्याचे सारे रागलोभ पोटांत घालणारा. घोडा जन्मानें भक्ष्याच्या जातीचा. वाघ-लांडग्यांच्या जगांत त्याचा वंश टिकला तो पळून. डोळे डोक्याच्या दोहों बाजूंस असल्यामुळें, कपाळासमोरची थोडी जागा व शेपटीमागची थोडी जागा सोडली तर आपल्याभोंवतालचें जवळजवळ सारें वर्तुळ तो मान न वळवितां पाहूं शकतो. कान स्वतंत्रपणें फिरतात. एक पुढें टवकारलेला तर दुसरा मागची चाहूल घेत असतो. अंगावर माशी बसली तर नेमकी तेवढ्याच जागेची कातडी थरथरवितो. झोंपही उभ्या उभ्या घेतो. निसर्गानें त्याच्या पायांच्या सांध्यांत तशी अडसराची सोय करून ठेविली आहे. गाढ झोंपेसाठीं मात्र त्याला आडवें व्हावें लागतें, आणि आसपास निर्भय वाटल्यावांचून तो अंग टाकीत नाहीं.

हें वर्णन ऐकतांना भिंतीला पाठ लावून बसणाऱ्या त्या सैनिकाची आपणांस आठवण झाली असेल. दोघांची प्रकृति मिळतीजुळती आहे. मात्र वाऱ्यानें कागद उडाला म्हणून बिचकलेला घोडा, कागदांत भिण्यासारखें कांहीं नाहीं असें दिसतांच मान खालीं घालतो आणि पुन्हां चरूं लागतो. त्याची भीति प्रसंगाबरोबर येते आणि प्रसंगाबरोबर जाते. सैनिकाची तेवढी जावयाची राहिलेली असते.

ह्या जनावराची नजर किती सूक्ष्म असते, ह्याची एक जुनी कथा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं बर्लिन शहरांत 'हुशार हान्स' नांवाचा एक घोडा फार गाजला. त्याचा मालक फॉन ऑस्टेन हा गणिताचा निवृत्त मास्तर. त्यानें घोड्याला बेरीज-वजाबाकी शिकविली होती. निदान त्याची प्रामाणिक समजूत तशी होती. सात आणि पांच किती, असें विचारलें कीं हान्स खुरानें जमिनीवर बारा ठोके देई आणि थांबे. १९०४ सालीं विद्वानांची एक समिति त्याची परीक्षा घेऊन गेली. लबाडी कोठें आढळली नाहीं. अखेर ऑस्कर फुंग्स्ट ह्या तरुण मानसशास्त्रज्ञानें छडा लावला व १९०७ सालीं तो प्रसिद्ध केला. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नसलें, किंवा तो घोड्याच्या दृष्टीआड उभा राहिला, कीं हान्सचें गणित चुके. ठोके बरोबर संख्येपर्यंत आले म्हणजे विचारणाऱ्याचें डोकें त्याच्या नकळत किंचित् हलत असे. घोडा तेवढें टिपून पाय थांबवीत असे. गंमत अशी कीं, गुपित कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःच्या डोक्याची ती हालचाल आंवरतां येईना. लोकांनीं हान्सला भोंदू ठरविलें. मला वाटतें, बेरजेपेक्षां त्याला येत होती ती विद्या कितीतरी अवघड होती.

अलीकडे, २०१६ सालीं, इंग्लंडांतील ससेक्स विद्यापीठांत २८ घोड्यांना माणसांच्या हंसऱ्या व रागावलेल्या चेहऱ्यांचीं मोठीं छायाचित्रें दाखविण्यांत आलीं. रागावलेला चेहरा दिसला कीं घोडे त्याकडे डाव्या डोळ्यानें पाहूं लागत आणि त्यांच्या हृदयाचे ठोके अधिक लवकर वाढत. घोडा आपलें अंतःकरण जाणतो, आत्म्याशीं आत्म्यानें बोलतो, असें सांगणारीं माणसेंही ह्या क्षेत्रांत बरींच आहेत. त्यांच्यापासून चार हात दूर राहिलेलें बरें. घोड्याला मन वाचतां येत नाहीं. त्याला ताठ झालेले खांदे दिसतात, कोंडलेला श्वास ऐकूं येतो, पावलांचा वेग कळतो, आणि सैनिकाच्या कामाला तेवढें पुरेसें होतें.

आतां प्रत्यक्ष काम कसें चालतें तें पाहूं. ह्या उपचारांत घोड्यावर बसावेंच लागतें असें नाहीं. पुष्कळ ठिकाणीं खोगीर खुंटीवरच राहतें. तीन-चार माजी सैनिक, एक मनोवैद्य, घोड्यांचा एक जाणकार आणि दोन घोडे एवढी मंडळी रिंगणांत जमतात. पहिल्या दिवशीं पुष्कळ वेळ नुसतें पाहावयाचें असतें: घोडा कान कोणत्या वेळीं मागें टाकतो, शेपटी कां झाडतो, ओठ चाटून मान केव्हां खालीं सोडतो. मग एकेकानें त्याच्याजवळ जावयाचें. आपल्या सैनिकाला ही गोष्ट सोपी वाटते. तो कवायतींतल्याप्रमाणें ताड ताड पावलें टाकीत सरळ तोंडासमोर जातो, आणि घोडा शांतपणें तोंड फिरवून दूर जाऊन उभा राहतो. ज्याच्या एका शब्दावर पन्नास माणसें हलत असत, त्याला हा अपमान झोंबतो. तो आणखी जोरानें जातो. घोडा आणखी दूर जातो. ह्या वेळीं जाणकार मनुष्य उपदेश करीत नाहीं. श्वास सोडा, एवढेंच म्हणतो. आपण श्वास कोंडून धरला आहे, हेंच त्या गृहस्थाला ठाऊक नसतें. श्वास सुटतो, खांदे खालीं येतात, मूठ उघडते. घोड्याचा एक कान त्याच्याकडे वळतो. आतां तो बाजूनें, खांद्याच्या रोखानें, सावकाश जातो, आणि घोडा उभा राहतो.

वर वर पाहतां ही किती क्षुल्लक गोष्ट! पण दवाखान्यांत हाच मनुष्य 'मी ठीक आहें' असें महिनोन्महिने सांगत आलेला असतो, आणि त्याला तें खरेंही वाटत असतें, कारण ताठलेलें शरीर हीच त्याची रोजची अवस्था. डॉक्टर म्हणाला 'तुम्ही रागांत आहां' तर वाद घालतां येतो. घोडा चार पावलें मागें सरला, तर वाद कोणाशीं घालावयाचा? शिवाय घोड्याच्या मनांत अढी नसते. मघाशीं दूर गेलेला तोच घोडा, माणूस शांत झाला कीं पुन्हां जवळ येऊं देतो. चुकलें तर सुधारण्याची संधि त्याच घटकेला मिळते. मनुष्यांच्या जगांत ती इतक्या लवकर सहसा मिळत नाहीं.

पुढच्या खेपांना खरारा हातीं येतो. आपल्याकडील जुन्या पागांमधल्या मोतद्दारांना ह्याचें मर्म कोणी समजावून सांगावें लागलें नसतें. खरारा करतांना हात एका लयींत चालवावा लागतो व घोड्याच्या कातडीकडे सारखें लक्ष ठेवावें लागतें. अर्धा तास मन दुसरीकडे जातच नाहीं. घोडे एकमेकांना मानेच्या मुळाशीं दांतांनीं खाजवितात; त्या जागीं खाजविलें असतां त्यांच्या हृदयाची गति मंदावते, हें फ्रान्समधील संशोधकांनीं १९९३ सालीं मोजून दाखविलें. त्यानंतर मोरकी चढवून घोड्याला चालविणें येतें. त्याच्यानंतर पाय उचलून खूर साफ करणें येतें, आणि ह्यांत मोठा अर्थ आहे, कारण पाय हें घोड्याचें पळण्याचें एकमेव साधन. तें तो दुसऱ्याच्या हातीं सोपवितो. 'माझ्यावर आतां कोणी विश्वास ठेवणार नाहीं' ही भावना ज्याच्या मनांत घट्ट बसली आहे, त्याच्या तळहातावर घोड्याचें खूर टेकलेलें असतें.

हें सारें झाल्यावर मंडळी घटकाभर बसून बोलतात, आणि मनोवैद्याचें खरें काम येथें सुरू होतें. बोलणें घोड्याविषयींच निघतें, म्हणून कोणाला जड जात नाहीं. घोडा मागें कां सरला ह्यावर बोलतां बोलतां घरीं मुलगा कां मागें सरतो, हा विषय आपोआप निघतो. रागाच्या भरांत घोड्याजवळ कधींही जाऊं नये, असें झेनोफन ह्या ग्रीक लेखकानें सुमारें २,४०० वर्षांपूर्वीं आपल्या अश्वविद्येवरील ग्रंथांत बजावून ठेविलें आहे. परमुलखांत अडकलेल्या दहा हजार सैनिकांना मायदेशाच्या वाटेला लावणारा हा सेनानी; त्यानें हें उतारवयांत लिहिलें, ह्याचें मला नेहमीं कुतूहल वाटत आलें आहे.

आतां गुण किती येतो, हा प्रश्न. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतील मनोवैद्यांनीं ह्या कामाला शिस्त लावून एक प्रयोग केला. त्याचें नांव 'मॅन ओ' वॉर'. हें नांव १९१७ सालीं जन्मलेल्या एका विख्यात शर्यतीच्या घोड्याचें. त्याचा मालक ऑगस्ट बेलमाँट हा पासष्टीच्या घरांत असतांना पहिल्या महायुद्धासाठीं सैन्यांत शिरला, म्हणून त्याच्या पत्नीनें त्याच्या सन्मानार्थ त्या शिंगराचें नांव 'युद्धवीर' अशा अर्थाचें ठेविलें. प्रयोगांत ६३ माजी सैनिक होते. आठवड्यांतून एकदां दीड तास, असे आठ आठवडे. स्वारी मुळींच नाहीं. २०२१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्याहून थोड्या अधिक जणांत वैद्यकीय मापानें दखल घेण्याजोगी सुधारणा झाली होती व ती तीन महिन्यांनंतरही टिकून होती. मला त्याहून महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, मध्येंच सोडून गेलेल्यांचें प्रमाण शेंकडा दहांहूनही कमी होतें. जे लोक खुर्चींतून उठून जातात, ते रिंगणांतून उठून गेले नाहींत.

पण येथेंच घोडें पेंड खातें. ह्या प्रयोगांत तुलनेसाठीं दुसरा गट नव्हता. मोकळी हवा, आपल्यासारखेंच भोगलेल्या सोबत्यांचा सहवास, कोणीतरी आस्थेनें आपल्याकडे लक्ष देत आहे ही जाणीव, ह्यांतून गुण किती आणि घोड्यामुळें किती, हें त्यावरून सांगतां येत नाहीं. शिवाय अशा कामाला जे आपण होऊन येतात, त्यांना घोड्यांची आवड असण्याचा संभव अधिक. मिसूरी विद्यापीठानें २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत सहा आठवडे स्वारी शिकविण्यांत आली. व्यथेचीं लक्षणें तिसऱ्या आठवड्यालाच उतरूं लागलेलीं दिसलीं. परंतु तेथें माणसें होतीं अवघीं २९. एवढ्या आधारावर जुने, कसाला लागलेले उपचार सोडून घोड्याच्या मागें लागा, असें कोणी सांगूं लागला तर तें ऐकूं नये. बोलण्याच्या उपचारापर्यंत जो पोंचतच नाहीं, त्याला तेथवर आणून सोडण्याचें सामर्थ्य ह्या पद्धतींत दिसतें, इतकें आज म्हणतां येईल. खर्चाचाही विचार आहेच. चंदी, गवत, नालबंदी, पशुवैद्य, आणि वर्षाचे तीनशें पासष्ट दिवस पागेची देखरेख! दवाखान्यांतील दोन खुर्च्यांना ह्यांतलें कांहीं लागत नाहीं.

स्वारीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण हात-पाय गमावलेल्या सैनिकांना तिचा उपयोग निराळा होतो. घोडा चालत असतां स्वाराची कंबर ज्या रीतीनें मागें-पुढें व डावी-उजवी हलते, ती रीति माणसाच्या स्वतःच्या चालण्याशीं फार जुळती आहे. त्यामुळें पाय नसलेल्यालाही पाठीचा व कंबरेचा तोल पुन्हां सांपडतो. डेन्मार्कच्या लिस हार्टेल ह्या बाईंना १९४४ सालीं पोलिओ झाला व गुडघ्यांखालीं त्यांचे पाय निकामी झाले. घोड्यावर चढतां-उतरतांना त्यांना दुसऱ्याची मदत घ्यावी लागे. १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिक सामन्यांत त्यांनीं अश्वारोहणाच्या ड्रेसाज ह्या प्रकारांत पुरुषांच्या बरोबरीनें उतरून रौप्यपदक मिळविलें. त्यांच्या उदाहरणानें युरोपांत उपचारासाठीं स्वारी शिकविणारीं केंद्रें निघूं लागलीं, आणि १९६९ सालीं इंग्लंड व अमेरिका ह्या दोन्ही देशांत त्यांच्या मध्यवर्ती संस्था उभ्या राहिल्या.

ह्याच धर्तीवर २००६ सालीं अमेरिकन सैन्याच्या एका पागेंत जखमी सैनिकांसाठीं स्वारीचा उपक्रम निघाला. ती पागा साधी नव्हती. वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टन येथें सैनिकांचें राष्ट्रीय दफनस्थान आहे. तेथें मोठ्या मानाची अंत्ययात्रा निघते तेव्हां शवपेटी एका जुन्या तोफखान्याच्या गाड्यावर ठेवितात. हे गाडे १९१८ सालच्या सुमाराचे. तो सहा घोडे ओढतात. डाव्या बाजूच्या तिघांवर स्वार असतात. उजवीकडच्या तिघांवर खोगीर असतें, स्वार नसतो, कारण तोफखान्यांत त्या घोड्यांवर पूर्वीं सामान लादीत असत. गाडा ओढणाऱ्या ह्या घोड्यांवरच, त्यांच्या मोकळ्या वेळांत, इराक-अफगाणिस्तानांत पाय गमावलेल्या सैनिकांना बसविण्यांत येऊं लागलें. एक दिवस मेलेल्याला पोंचविणें आणि दुसऱ्या दिवशीं वांचलेल्याला सांवरणें, अशी त्या जनावरांची नोकरी झाली. सैनिकांनाही घोड्यांचें हें दुसरें काम ठाऊक होतें, कारण त्यांच्यांतल्या कित्येकांचे सोबती त्याच टेंकडीवर पुरलेले होते.

परंतु शुश्रूषा करणाऱ्याचीही शुश्रूषा करावी लागते, ह्याचा तेथें विसर पडला. २०२२ च्या फेब्रुवारींत त्या पागेंतले दोन घोडे पोटाच्या विकारानें दगावले. चौकशींत जें निघालें तें लाजिरवाणें होतें: चारा निकृष्ट, मोकळें सोडण्याची जागा अपुरी, आणि तीही खडीची, दाणा-गवताबरोबर वाळू-खडे पोटांत जात होते. मे २०२३ मध्यें घोड्यांनीं गाडा ओढण्याची प्रथा स्थगित झाली. मध्यंतरीं अंत्ययात्रा निघत, घोडे नसत. चाऱ्यापासून चरण्याच्या जागेपर्यंत सारी व्यवस्था बदलावी लागली, आणि ह्यांत दोन वर्षें गेलीं. जून २०२५ मध्यें तो गाडा घोडे जोडून पुन्हां रस्त्यावर आला, पण आरंभीं मोजक्याच अंत्ययात्रांसाठीं.